लॉगआउट केलंत ना?

तो पहिल्यांदा दुकानात आला, तेव्हा मी एका आजोबांवर ओरडत होते.

ओरडत म्हणजे... समजावत होते. माझा आवाजच तसा आहे, त्याला मी काय करू? आजोबांनी आमच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा मेल उघडला, कसलासा दाखला प्रिंट करून घेतला आणि मेल तसाच उघडा टाकून निघाले. मी काउंटरवरून वाकून भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी माझ्याच अक्षरातली, लाल स्केचपेननं लिहिलेली, वर लॅमिनेशन केलेली. 'मेलमधून बाहेर पडल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नये.'

"आजोबा, उद्या कोणीही येऊन तुमची पत्रं वाचेल. चालेल?"

"वाचू दे की गं," आजोबा म्हणाले. "मला कोण लिहितंय?"

दारात कोणीतरी हसलं. मी रागानं मान वळवली, तर निळ्या शर्टातला एक उंच माणूस उभा. दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळेकुट्ट, आणि ते त्यानं ऑपरेशनच्या डॉक्टरसारखे वर धरलेले.

"प्रिंट हवी होती," तो म्हणाला, "पण कशाला हात लावला तर मलाही ओरडाल."

"ओरडणार नाही. सरळ हाकलून देईन."

"बरं झालं विचारलं."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. समोरच्या पिवळ्या इमारतीत काम करताना खिशातला फोन निसटून थेट लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता. आणि तपासणीचा तक्ता दुपारच्या आत लिफ्टमध्ये चिकटवायचा होता. तक्ता कंपनीच्या साइटवर, आणि साइट उघडायची त्याच्या अकाउंटनं.

"तुम्हीच टाइप करा ना," तो हात दाखवत म्हणाला. "पासवर्ड सांगतो मी."

"अहो, पासवर्ड असा चारचौघांत सांगतात का?"

त्यानं रिकाम्या दुकानाकडे पाहिलं. मागे कागद कापणाऱ्या माझ्या बाबांकडे पाहिलं. मग काउंटरवरून थोडा वाकला आणि हळूच म्हणाला, "मग... कानात सांगू?"

इतका आगाऊपणा! आणि मी? मी केस कानामागे सारले. काय करणार, गिऱ्हाईक होतं.

पासवर्डमध्ये एक लाडाचं नाव होतं, पुढे एक साल. "ही कोण?" मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"बहीण. चिमी. तिच्या जन्माचं साल आहे. नर्सिंग शिकते. अकाउंट आमचं दोघांचं मिळून एकच आहे, लहानपणापासून. आईनं काढून दिलं होतं."

"म्हणजे तुमचं सगळं ती वाचते?"

"छे! कपाट एक, पण कप्पे दोन. तिच्या कप्प्याला मी हात लावत नाही, माझ्या कप्प्याला ती लावत नाही. ठरलंय आमचं."

मेल उघडला. कंपनीच्या साइटवर 'याच अकाउंटने पुढे जा' असं बटण आलं, तेही मीच दाबलं. तक्ता निघाला. मी तो लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घातला आणि बाहेर आल्यावर सवयीनं त्यावर फुंकर घातली, गरम असतो ना तो. मान वर केली तर तो माझ्याकडेच बघत होता. दोघांनीही पटकन दुसरीकडे पाहिलं.

दारातून त्यानं मागे वळून विचारलं, "लॉगआउट केलंत ना?"

"कोणाला विचारताय? ती पाटी कोणी लिहिलीय माहितीये?"

आणि ऐटीत मी मेलची खिडकी बंद केली. फक्त खिडकी.

*

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझी चूक किती मोठी ते कळणार नाही. बाबा तीस वर्षं हे दुकान चालवतात. लोक त्यांच्यासमोर काय काय ठेवतात! घटस्फोटाचे कागद, मृत्युपत्रं, रक्ताचे रिपोर्ट, मुलीच्या हट्टापुढे हात टेकलेल्या बापाची पत्रं. मी दहावीनंतर दुकानात बसायला लागले, तेव्हा बाबांनी एकच गोष्ट शिकवली. "शाई फिकी आलीय का बघायचं, कडा कापली गेलीय का बघायचं. मजकूर बघायचा नाही. नजरेला पडला तरी मनात घ्यायचा नाही." मला ते जमायचं. खरंच जमायचं हो! शेजारच्या काकूंच्या मुलाची लग्नपत्रिका मी तीनदा छापली, पण मुलगी कोण ते मला लग्नात कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान झाडून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे गाण्यांची साइट लावायला गेले. 'याच अकाउंटने पुढे जा' आलं. मी रोज दाबते तसं न बघताच दाबलं. आणि माझ्या धांगडधिंग्याऐवजी एक संथ, रडवेलं गाणं सुरू झालं. बासरीच बासरी.

कोपऱ्यातल्या गोल चित्रात मी नव्हते. पान्हा होता.

माझ्या लक्षात आलं. त्याच्या एका पासवर्डवर आमच्या कॉम्प्युटरमध्ये सगळंच उघडं राहिलं होतं. मेल, फोटो, गाणी, नोंदी, सगळं. मी खिडकी लावली होती, घराचं दार सताड उघडं होतं.

लॉगआउटवर माऊस नेला मी. देवाशपथ नेला. मग म्हटलं, गाणं तर संपू दे. मग म्हटलं, या रडूबाईला आणखी काय आवडतं ते बघू. गाणी म्हणजे काही पत्रं नव्हेत... असं म्हणत म्हणत मी 'नोंदी' उघडल्या.

प्रत्येक इमारतीची नोंद होती. 'पिवळी इमारत. दार चौथ्यावर अडकतं. रोलर बदलला. फोन गेला खड्ड्यात, घरातल्या जुन्या फोनवर लिहितोय.' आणि त्याखाली, 'प्रिंटच्या दुकानात एकजण आहे. हसायच्या आधी रागावते. लॅमिनेशन झालेल्या कागदावर फुंकर घालते, बाळाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी.'

अगं बाई!

तोवर कोणीही माझ्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. शाळेतल्या बाईंनी प्रगतिपुस्तकात 'बडबड कमी करावी' लिहिलं होतं, तेवढंच. मी ती ओळ किती वेळा वाचली ते विचारू नका. बाबांनी मागून हाक मारली, "काय वाचतेस गं?" आणि मी इतक्या झटक्यात वळले की स्टेपलर पडला.

"काही नाही, शाई बघतेय," मी म्हणाले.

बाबांशी खोटं बोलले. त्यांच्याच शब्दांत.

*

त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी यायला लागला. त्याच्याकडे प्रिंट करायला इतकं कसं काय निघायचं, देव जाणे. नवा फोन आल्यावर तो कागद फोनवरूनच पाठवायचा, कॉम्प्युटरला हात लावायचं कामच नव्हतं.

"एकच प्रत?" मी विचारायचे.

"एकच. म्हणजे दुसरीसाठी परत यायला बरं."

आणि मी काय करायचे? तो यायच्या आधी त्याच्या नोंदी वाचून तयार राहायचे. 'चहाला विचारावं का? नको, अजून ओळख किती,' असं त्यानं लिहिलं की दुसऱ्या दिवशी मीच म्हणायचे, "चहा घेणार का? इतक्या दिवसांची ओळख आहे." त्याचा चेहरा असा उजळायचा... मला वाटायचं, मी किती चांगली आहे! माणसाच्या मनातलं ओळखते!

ते रडवेलं गाणं मी पाठ केलं. तो आला की गुणगुणायचे. तो जरा चमकून बघायचा, मग गालात हसायचा. फोटोंमध्ये मांजरंच मांजरं होती, म्हणून मी गल्लीतलं एक पांढरं मांजर दूध घालून घालून दुकानात आणलं. त्या दिवशी त्याला सलग सहा शिंका आल्या आणि सगळा वेळ तो दारातच उभा राहिला.

"सर्दी झालीय वाटतं," तो डोळे पुसत म्हणाला.

"मांजर गोड आहे ना?"

"फार," तो म्हणाला आणि सातव्यांदा शिंकला.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. चिमीशीही ओळख झाली. तिची प्रॅक्टिकलची वही बांधायला ती यायची. बारीक, चष्मेवाली, टकळी सतत चालू. पहिल्याच भेटीत मला ताई म्हणाली आणि दादाच्या लहानपणीच्या फजित्या सांगायला लागली. तो बिचारा कानाच्या पाळीपर्यंत लाल. "चिमे, पुरे!"

"बरं बाई, कप्पा बंद!" ती ओठांवर बोट ठेवायची. त्यांचा तो घरचा विनोद होता. मीही हसायचे. आणि हसता हसता भिंतीवरच्या पाटीकडे पाठ करायचे.

एक नोंद मात्र हसण्यासारखी नव्हती. कामाला लागला त्या वर्षी तो एका लिफ्टमध्ये तीन तास अडकला होता. एकटा, अंधारात. तेव्हापासून लिफ्टच्या आत दार बंद झालं की त्याचा श्वास अडकायचा. 'आज परत तसंच झालं. एकशेदहापर्यंत आकडे म्हटले. लिफ्टवाल्याला लिफ्टची भीती, कंपनीला कळलं तर झालंच. कोणाला सांगायचं नाही. चिमीलाही नाही.'

ती वाचून मी रडले. आणि रडताना मला वाटलं की मी त्याच्या फार जवळ आहे. बघा म्हणजे!

आणि सगळ्यांत शेवटची नोंद. वर 'तिला सांगायचं' असं लिहिलेलं. खाली तीन वाक्यं लिहून खोडलेली, चौथं ठेवलेलं. 'तुझ्या दुकानात यायला मला दरवेळी काम शोधावं लागतं. ते आता बंद करायचंय.'

ते वाचल्यापासून मी रोज वाट बघत होते. तो तोंड उघडायचा आणि मला वाटायचं, आता म्हणेल. पण म्हणायचा काय, "पेपर ए-फोरच ना?"

*

चूक झाली ती अशी. पिवळ्या इमारतीतल्या नवव्या मजल्यावरच्या ऑफिसला बांधलेल्या अहवालांचे दोन खोके पोचवायचे होते. तो नेमका दुकानात होता, म्हणाला, मी घेतो. आम्ही दोघं लिफ्टसमोर उभे राहिलो. दार उघडलं. आतला दिवा मिणमिणत होता. त्याचा हात खोक्यावर घट्ट झाला, तो मला दिसला, आणि माझ्या तोंडून मायेनं, अगदी मायेनं निघून गेलं...

"तू जिन्यानं ये हळूहळू. दोन्ही खोके मी लिफ्टनं नेते. बंद दारात तुझा जीव घुसमटतो ना."

लिफ्टचं दार आपोआप बंद झालं. आम्ही बाहेरच.

"तुला कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

मी जीभ चावली. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याचा चेहरा बदलला.

"चिमीनं?"

एक 'नाही' म्हणायचं होतं हो मला. दोन अक्षरं. मी म्हणाले, "जाऊ दे ना... तिचा काही वाईट हेतू नव्हता."

त्यानं खोके जिन्यानं नेले. नऊ मजले, दोन खेपा. पाठीमागून चालायचंही धाडस झालं नाही मला.

त्यानंतर पाच दिवस तो आला नाही. मी काय केलं असेल? नोंदी उघडल्या! सवय इतकी नासलेली. एकच ओळ नवी होती. 'अकाउंट कुठे कुठे चालू आहे ते तपासलं. आमच्या दोघांच्या फोनांशिवाय आणखी एक कॉम्प्युटर दिसतो, रोज वापरात. चिमीच्या हॉस्टेलवरचा असणार. ती रोज वाचते. डोळ्यांत डोळे घालून नाही म्हणाली, तरी वाचते.'

तो कॉम्प्युटर माझ्या हाताखाली होता. माऊस माझ्या हातात होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा कुठे मी लॉगआउट केलं. नीट, पान्ह्याच्या चित्रावर जाऊन, पाटीत लिहिलंय तसं. केवढं मोठं काम केलं! आणि तरी तोंड उघडलं नाही. स्वतःला म्हटलं, भावाबहिणीचं भांडण आहे, मिटेल. मांजर काउंटरवर बसून माझ्याकडे बघत होतं. त्यालासुद्धा मी नजर देत नव्हते.

*

सहाव्या दिवशी चिमी आली. चष्म्याआड डोळे सुजलेले.

"ताई, हॉस्टेलच्या अर्जाची प्रिंट हवीय. सुट्टीतही तिथेच राहायचं म्हणतेय."

"का गं?" मी विचारलं. विचारताना लाज कशी वाटली नाही मला!

"दादा बोलत नाही माझ्याशी. म्हणतो, मी त्याचं काहीतरी वाचलं आणि तुला सांगितलं. काय वाचलं तेही सांगत नाही. ताई, मला माहीतच नाही गं काय ते! आई गेली तेव्हासुद्धा तो माझ्याशी बोलायचा थांबला नव्हता." तिनं माझा हात धरला. "तू सांग ना त्याला. मी तुला काहीतरी बोलले का? तुझं ऐकेल तो."

मशीनमधून तिचा अर्ज बाहेर आला. शाई ठीक होती. कडा ठीक होती. मी मजकूर वाचला नाही. एवढे दिवस सगळं वाचल्यावर आता त्या एका कागदाला मी नियम लावत होते.

"तू काही बोलली नाहीस," मी म्हणाले. "मी वाचलं."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानं, काउंटरची कड धरून. माझ्यासारखी बडबडी, पण शब्द एकेक ओढून काढावा लागत होता. मागे कागद कापायच्या मशीनचा आवाज थांबला, म्हणजे बाबाही ऐकत होते.

चिमीनं माझा हात सोडला. "माझे मेसेजपण?"

"नाही... फोटो पाहिले. गाणी."

तिनं अर्जाची घडी घातली. कितीतरी वेळ घडी घालत होती. "दादाला तू सांगायचं," शेवटी म्हणाली. "मी सांगितलं तर त्याला वाटेल, मी स्वतःला वाचवतेय. आज तो त्या गच्चीवाल्या मशीनच्या खोलीत आहे, पिवळ्या इमारतीत." दारात थांबली, म्हणाली, "मला वाटलं होतं तू खरंच माझी ताई आहेस."

ती गेल्यावर बाबा पुढे आले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीवरची पाटी खिळ्यावरून काढली, फडक्यानं पुसली आणि उलटी करून खणात ठेवली.

"तीस वर्षं लोक मला कागद देतात आणि खिडकीबाहेर बघत उभे राहतात," ते म्हणाले. "माझ्याकडे बघावंसुद्धा लागत नाही त्यांना. उद्यापासून तू बायंडिंगला बस. कॉम्प्युटरवर मी बसेन."

"बाबा—"

"आधी त्या मुलाकडे जा."

*

मी जिन्यानं गेले. दहा मजले. लिफ्टनं जायची माझी लायकीच नव्हती, असं काहीतरी डोक्यात होतं.

मशीनची खोली गच्चीवर. आत मोटार घरघरत होती, दाराला दगड लावून ते सताड उघडं ठेवलेलं. तो दगड का ते मला माहीत होतं. आणि माहीत असायला नको होतं. तो गुडघ्यावर बसून काहीतरी आवळत होता. मला पाहून उठला. क्षणभर, अगदी क्षणभर त्याला आनंद झाला. तो आनंद मी डोळ्यांनी पाहिला आणि मग मी बोलले.

"चिमीनं काही वाचलं नाही. मी वाचलं. त्या पहिल्या दिवशी मी लॉगआउट केलंच नव्हतं. आधी चुकून. मग... मुद्दाम. तो दुसरा कॉम्प्युटर आमच्या दुकानातला आहे."

त्यानं मोटार बंद केली. एकदम शांतता झाली, गच्चीवरच्या कबुतरांचा आवाज ऐकू यायला लागला.

"किती वाचलंस?"

"सगळं."

"चहाचं?"

"हो."

"अडकलो होतो ते?"

"हो."

त्याला पुढचं विचारायचं होतं. ओठ हलले, पण त्यानं विचारलं नाही. मीच मान खाली घालून म्हणाले, "शेवटचंही. ते वाक्यसुद्धा."

कानाची पाळी लाल झाली त्याची. पण तेव्हाची लाली वेगळी. "मला वाटायचं," तो हळू म्हणाला, "ही मला न सांगता कशी ओळखते. मी चिमीला म्हणालो होतो, असं कोणी भेटत नसतं."

"मी—"

"मी पोरीला काय काय बोललो, माहितीये तुला? आणि तू म्हणालीस, तिचा हेतू वाईट नव्हता." त्यानं पान्हा उचलला, परत ठेवला. "जा तू. मला आधी तिच्याकडे जायचंय."

मी माफ कर म्हणाले. ते त्यानं ऐकलं की नाही, कोण जाणे. तो हात पुसत जिन्याकडे निघाला होता.

*

तीन आठवडे मी बायंडिंग केलं. भोकं पाडायची, स्पायरल ओवायचं, टोकं दुमडायची. गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसायचं. गाणी नाहीत, बडबड नाही. येणारे विचारायचे, मुलीला बरं नाही का? बाबा म्हणायचे, "बरी होतेय."

चिमीला मी एक चिठ्ठी लिहिली. हातानं. तिनं उत्तर पाठवलं नाही, पण आठवड्यानं वही बांधायला आली आणि बाबांना म्हणाली, "ताईनं बांधलेली घट्ट बसते, तिलाच द्या." माझ्याकडे पाहिलं नाही. तरी ती वही मी जन्मात बांधली नसेल इतकी जपून बांधली.

एका दुपारी बाबांचा आवाज आला, "बोला, काय प्रिंट करायचंय?"

"काहीच नाही."

माझ्या हातातलं स्पायरल सुटलं. मी वळले. तो काउंटरशी उभा होता. निळा शर्ट नाही, फोन हातात नाही, कागद नाही. आणि हात स्वच्छ. नखंसुद्धा.

"काही काम नाहीये," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "नुसता आलोय."

मला अर्थ कळला. आणि तो का कळला, या विचारानं मान वर होईना.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "टोनर आणायचाय," असं पुटपुटून ते निघून गेले. टोनर कालच आणला होता.

"ते वाक्य आता मला म्हणता येत नाही," तो म्हणाला. "तू वाचलंयस. खूप दिवस लागले होते ते लिहायला."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि परत जीभ चावली.

तो हसला नाही. पण हसू कुठेतरी जवळपास होतं. "आम्ही अकाउंट वेगळी केली. चिमीनं स्वतःचं काढलं. साहेबांनाही मीच सांगितलं, लिफ्टचं. जोडीदार दिलाय आता, एकटा नाही आत जात."

"माझंही... तुला हवं तर माझं सगळं बघ," मी घाईघाईनं म्हणाले. "पासवर्ड देते. नोंदी, मेसेज, काय हवं ते. फिटंफाट."

"नको," तो म्हणाला. "मला तुझं काही उघडून नकोय. तू सांगशील तेवढंच."

मी रडायला लागले. कामाच्या टेबलावर, कागदांवर, सगळीकडे. त्यानं थांबवलं नाही. रडून झाल्यावर एक स्टूल ओढून काउंटरच्या पलीकडे बसला.

"विचार मला," तो म्हणाला. "तुला माहीत आहे तेसुद्धा विचार. पहिल्यापासून."

मी नाक पुसलं. "तुला... गाणं कुठलं आवडतं?"

"ते बासरीचं नाही. ते चिमीचं. मला ऐकवत नाही ते. तू का गुणगुणतेस ते कळायचंच नाही मला."

"आणि मांजरं?"

"तीही चिमीची. मला मांजराजवळ बसवत नाही, अंगावर पुरळ उठतं."

"अरे देवा! मग त्या शिंका..."

"सात," तो म्हणाला. आणि आता मात्र हसला.

मीही हसले, पण हसता हसता कानकोंडी झाले. एवढी चोरी केली, आणि हाती निम्मी चिमीच लागली होती. विचारायला घाबरत होते, तरी विचारलं, "आणि बंद दाराचं?"

"ते माझं." तो काउंटरच्या कडेवर बोट फिरवत राहिला. "ते मला तुला सांगायचं होतं. स्वतः."

"आता सांग ना... सांगशील?"

त्यानं स्टूल जरा पुढे ओढलं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. तीन तास, अंधार, आकडे. मधेच थांबायचा, श्वास घ्यायचा. वरच्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला होता आणि तो आवाज बंद होईल की काय याचीच त्याला जास्त भीती वाटत होती, असं म्हणाला. हे नोंदीत कुठेच नव्हतं. मला वाटलं होतं, मला सगळं माहीत आहे. मला काहीच माहीत नव्हतं.

सांगून झाल्यावर तो उठला. "दुसरं वाक्य सुचायला वेळ लागेल मला. रागही अजून गेला नाही सगळा. थांबशील?"

"थांबेन."

"या खेपेला वाचायला मिळणार नाही."

"ऐकेन," मी म्हणाले.

तो दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "उद्या येतो. काम नाहीये, पण येतो."